शब्द कळेना, की ऐकू येईना?



वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत जिला स्वतंत्र नाव नाही, अशी एक तक्रार अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. रक्तदाब मोजून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी हाती पडलेली असते आणि खुर्चीवरून उठता उठता सत्तरी ओलांडलेले गृहस्थ म्हणतात, "डॉक्टरसाहेब, घरात सारे मराठीच बोलतात, पण मले काही समजत नाही." सोबत आलेली सून हसून म्हणते, "नातवंडांची भाषा हो! आम्हाला तरी कुठे कळते?" आणि हसण्यावारी विषय संपतो.

तो तेथे संपू नये, असे मला वाटते. या एका वाक्यामागे कधी कानाचा आजार असतो, कधी मेंदूचा, कधी मनाचा. पुष्कळदा कसलाच आजार नसतो; दोन पिढ्यांमध्ये एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. या चारही शक्यता घरच्या घरी वेगळ्या करून पाहता येतात. त्या कशा, हे आज आपण पाहू.

नवे शब्द, जुनी खोड

प्रथम निरुपद्रवी शक्यता घेऊ. 'गोट' हा शब्द पाहा. नातू आजोबांच्या हातची कलमे पाहून कौतुकाने म्हणतो, "आबा, तुम्ही तर गोट आहात!" आबांना इंग्रजी येते, गोट म्हणजे बकरी, हे त्यांना ठाऊक असते. ते दुखावतात. वस्तुतः नातवाने केलेली ही सर्वोच्च स्तुती असते. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम', म्हणजे 'आजवरच्या सर्वांत श्रेष्ठ', या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून हा 'गोट' बनला आहे. 'क्रिंज' म्हणजे पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखे व्हावे असे काही. 'विषय हार्ड' म्हणजे याला तोड नाही. कौटुंबिक गटावर एखाद्या विनोदाखाली कवटीचे चित्र दिसले, तर त्याचा अर्थ 'हसून हसून मेलो' एवढाच असतो; अशुभाचा त्यात काही संबंध नसतो.

एक संक्षेप तर मला फार आवडतो. मुले संदेशात इंग्रजी 'जे' हे अक्षर लिहितात आणि त्यापुढे एकाचा आकडा. 'जे' आणि 'वन' मिळून झाले 'जेवण'! "जे वन झालं का?" म्हणजे आपल्या आईने आणि आजीने जन्मभर विचारलेलाच प्रश्न. वेश तेवढा बदलला आहे.

अशी सांकेतिक बोली काढण्याची खोड मुळीच नवी नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत 'च'ची भाषा बोललेली असेल. 'मला' म्हणायचे तर 'चलाम', 'पाणी' म्हणायचे तर 'चाणीप'. मोठ्यांना कळू नये, हाच तिचा हेतू होता. बोटांच्या खुणांनी बोलण्याच्या करपल्लवीचे नाव जुन्या वाचकांना परिचित आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरणारा भाव शेजारी उभ्या माणसालाही कळत नसे. महानुभाव पंथीयांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले आणि कित्येक शतके ते पंथाबाहेरच्या कोणालाही वाचता आले नाहीत. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने आपल्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात ज्या काव्यरीतींची नावे घेतली, त्यांत 'वच्छोमी' ही एक आहे; ते नाव या वत्सगुल्मावरूनच पडले. ज्या गावाने एके काळी बोलण्या-लिहिण्याच्या एका रीतीला स्वतःचे नाव दिले, त्या गावातील ज्येष्ठांना नव्या बोलीचे भय वाटण्याचे कारण नाही.

मग आजच अडचण का जाणवते? पूर्वी नवा शब्द पारावर, शाळेच्या मैदानात किंवा आठवडी बाजारात जन्म घेई. मुलांच्या तोंडी तो बसेपर्यंत मोठ्यांच्याही कानावर चार वेळा पडलेला असे. आज तो मोबाइलमधून, तोही कानात घातलेल्या इअरफोनमधून थेट नातवापर्यंत पोहोचतो. एकाच खोलीत बसूनही आजीने तो ऐकलेला नसतो. शिवाय या शब्दांचे आयुष्य अल्प असते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2023 साली 'रिझ', म्हणजे दुसऱ्यावर मोहिनी घालण्याची हातोटी, हा वर्षाचा शब्द ठरवला. 2024 साली तो मान 'ब्रेन रॉट'कडे गेला. 2025 मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने निवडलेल्या 'सिक्स-सेवन'ला तर निश्चित असा अर्थच नाही. मुले तो म्हणतात आणि एकत्र हसतात, एवढेच त्याचे प्रयोजन. खेळताना राज्य कोणावर हे ठरवण्यासाठी आपण जी निरर्थक गाणी म्हणत होतो, त्यांचा अर्थ तरी कोणी कोणाला विचारला होता?

न कळण्याचे हे दुःख एकतर्फी नाही, हेही ध्यानात घ्यावे. पुण्याहून सुटीत आलेल्या नातीला आजी म्हणते, "वावरातून सांबार आन, अन् दोन भेद्रं." नात इडलीसोबतच्या सांबाराचा विचार करीत उभी राहते. सांबार म्हणजे कोथिंबीर आणि भेद्रं म्हणजे टोमॅटो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. पऱ्हाटी, काऊन, उलसंक हे शब्द तिच्या दृष्टीने तितकेच सांकेतिक असतात, जितका आपल्याला 'रिझ'.

कान तपासून पाहा

आता वैद्यकाकडे वळू. वाढत्या वयात श्रवणशक्ती कमी होते, ती सरसकट सर्व ध्वनींची एकदम होत नाही. बहुधा उंच पट्टीचे ध्वनी प्रथम अस्पष्ट होतात. स, श, त, थ, फ, ख यांसारखी व्यंजने मुळात क्षीण व उंच पट्टीची असतात. स्वर त्यामानाने भारदस्त असतात. त्यामुळे अशा व्यक्तीला आवाज येतो, परंतु शब्द उमगत नाही. ती म्हणते, "ऐकू येते हो, पण समजत नाही." हे वाक्य वार्धक्यजन्य बहिरेपणाची जवळजवळ ओळखखूणच आहे. मुलांचे व स्त्रियांचे आवाज उंच पट्टीचे असल्याने ते अधिक अवघड जातात. त्यात नातवंडे भरभर बोलतात, मान मोबाइलमध्ये घालून बोलतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर घरघरत असतो.

असे असूनही ज्येष्ठांचे बहुतेक संभाषण निभावते, कारण निसटलेले अक्षर मेंदू अनुभवाने भरून काढतो. ताट समोर आहे आणि कानावर केवळ "...आकर वाढू?" एवढे पडले, तरी 'भाकर' हा शब्द मेंदू स्वतःच पुरवतो. परंतु हा पुरवठा परिचित शब्दांच्या साठ्यातून होतो. 'क्रिंज' किंवा 'रिझ' त्या साठ्यात नसतो, म्हणून निसटलेले अक्षर भरून काढता येत नाही. अशा रीतीने पुष्कळ घरांत कानाचा दोष सर्वांत आधी नातवंडांशी बोलताना उघड होतो. घरचे म्हणतात, "पिढीचा फरक." प्रत्यक्षात ती बहिरेपणाची पहिली सूचना असू शकते.

ती पडताळण्याची एक सोपी रीत आहे. ज्येष्ठ व्यक्तीच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तिला एका कानाच्या तोंडाशी बोट हलके दाबून फिरवत ठेवायला सांगावे. मग पूर्ण श्वास सोडून कुजबुजत्या स्वरात तीन अक्षरे वा आकडे म्हणावेत, उदाहरणार्थ 'चार, क, सात', आणि ते परत म्हणायला सांगावे. चुकल्यास दुसरी तीन घ्यावीत. सहांपैकी तीनदेखील बरोबर आले नाहीत, तर त्या कानाची तपासणी आवश्यक आहे. दुसऱ्या कानासाठी आकडे बदलावेत. ही चाचणी केवळ दिशा दाखवते. निदान कान-नाक-घसा तज्ज्ञाकडील तपासणीनेच होते. जिल्हा रुग्णालयात याबाबत चौकशी करावी.

काही वेळा दोष निव्वळ मळाचा असतो आणि तो डॉक्टरांनी काढताच जग पुन्हा बोलू लागते. मात्र काडेपेटीची काडी, केसांची पिन किंवा गरम तेल कानात घालू नये. सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ किंवा ट्रॅक्टरवर अनेक हंगाम काढलेल्यांनी तपासणी टाळू नये, कारण मोठा आवाज कानाची हानी करतो. एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. येथे विलंब महाग पडतो.

श्रवणयंत्र लागले तर त्याची लाज वाटू देऊ नये. चष्म्याप्रमाणे ते पहिल्याच दिवशी जुळत नाही. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, म्हणून ते रोज वापरावे. कपाटात ठेवलेले यंत्र कोणालाच उपयोगी पडत नाही. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत मिळणाऱ्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश आहे. समाजकल्याण कार्यालयात त्याची विचारणा करता येईल.

नेहमीचेच शब्द कळेनासे झाले तर

येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा. नवा शब्द न कळणे हा आजार नाही. परंतु ज्यांना काल 'तांब्या', 'किल्ली', 'दार लावा' हे शब्द कळत होते, त्यांना आज ते कळत नसतील, किंवा बोलताना भलतेच शब्द तोंडी येत असतील, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे ही लक्षणे सोबत असतील अथवा नसतील. झोपून उठल्यावर बरे वाटेल म्हणून थांबू नये. त्याच क्षणी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

हाच बदल अचानक न होता काही महिन्यांत हळूहळू झाला, रोजच्या वस्तूंची नावे आठवेनाशी झाली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर स्मृतिभ्रंशाच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी. 'वय झाले' हे निदान नव्हे.

न विचारण्याची किंमत

समजा, कान उत्तम आहेत आणि मेंदूही. तरीही आजोबा हळूहळू बोलणे कमी करतात. एक शब्द कळला नाही, तेव्हा विचारले. दुसऱ्या वेळी विचारले, तर नातवंडे हसली. तिसऱ्या वेळी कोणीतरी "ओके बूमर" म्हणाले. 2019 च्या सुमारास जगभर पसरलेल्या या शब्दप्रयोगाचा आशय 'बरं बरं, म्हाताऱ्या' असाच आहे आणि तो बोचरा आहे, हे तरुण वाचकांनीही मान्य करावे. चौथ्या वेळी आजोबा विचारतच नाहीत. ते जेवण लवकर उरकून खोलीत जातात. घराला वाटते, शांतता आहे.

या शांततेची वैद्यकीय किंमत मोठी आहे. एकाकी ज्येष्ठांची झोप उडते, भूक मंदावते, औषधांच्या वेळा चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रस्त आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत ऐकू न येणे आणि सामाजिक एकाकीपणा हे दोन्ही आहेत. म्हणजे "काय म्हणालास रे?" हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारता येणे, ही आरोग्याचीच बाब आहे.

ज्येष्ठांच्याही काही सवयी बोचतात. 2015 साली अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला, तर तरुणांना तो संदेश कमी मनापासूनचा वाटतो. आपण शुद्धलेखन म्हणून 'ठीक.' असे लिहितो. नात विचारात पडते, आजोबा रागावले की काय? नुसत्या अंगठ्याच्या चित्राचेही तसेच होते. आणि "तुमच्या बोलण्याला वळणच नाही" हे वाक्य तर संभाषणाचे दारच बंद करते.

थट्टा आणि हाक

आता या विषयाची सर्वांत गंभीर बाजू. मुले "मेलो", "मरतो आता" असे सहज म्हणतात आणि बहुतेक वेळा ती थट्टाच असते. परंतु समाजमाध्यमांवर आत्महत्येचा उल्लेख असलेला मजकूर दडवला जातो, म्हणून तिच्यासाठी 'अनअलाइव्ह' यांसारखे आडवळणाचे शब्दही प्रचारात आले आहेत. शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या पश्चिम विदर्भाचे नाव देशभर घेतले गेले, त्यात आपला वाशीम जिल्हाही आहे. येथील घरांनी असे शब्द कानाआड करू नयेत. आई-वडील कामावर असताना मुलांसोबत दुपार घालवणारे आजी-आजोबाच पुष्कळदा ते सर्वांत आधी ऐकतात. मूल जेवेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले आणि तोंडी अशी भाषा असेल, तर शांतपणे व थेट विचारावे, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला?" असे विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते.

नेमके हेच मी काळजी घेणाऱ्या तरुणांना उलट्या दिशेने सांगेन. "आता देवानं न्यावं", "आमचं काय राह्यलं" ही म्हातारपणाची ठरलेली बोली आहे, असे समजून तुम्ही ती हसण्यावारी नेता. पुष्कळदा ती नुसती बोलीच असते. पण त्याच आठवड्यात आजीने जेवण निम्मे केले असेल, आजोबा औषधे घेईनासे झाले असतील, तर ती हाक असते. ज्येष्ठांतील नैराश्य रडण्यातून कमी आणि अंगदुखी, निद्रानाश, अबोला यांतून अधिक दिसते, आणि ते उपचारांनी बरे होते. तुम्हीही थेट विचारा.

होकारार्थी उत्तर आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 हा एल्डरलाइनचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत.

या पंधरवड्यात

तीन गोष्टी सुचवतो. पहिली: घरातील साठीपुढील प्रत्येकाची वर सांगितलेली कुजबुज चाचणी रविवारी सकाळी, पंखा आणि टीव्ही बंद करून करावी. दुसरी: तरुणांनी ज्येष्ठांशी बोलताना समोर बसावे, तोंड दिसू द्यावे, ओरडू नये, वाक्य कळले नाही, तर तेच वाक्य मोठ्याने न उच्चारता शब्द बदलून सांगावे. "जाऊ दे, काही नाही" हे उत्तर मात्र कधीही देऊ नये. एवढे चार शब्द ऐकून कित्येक ज्येष्ठ पुन्हा काही विचारत नाहीत.

तिसरी गोष्ट देवाणघेवाणीची. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून नातवंडाने एक नवा शब्द आजी-आजोबांना समजावून द्यावा आणि त्या बदल्यात एक वऱ्हाडी शब्द घ्यावा. ज्येष्ठांनी तो नवा शब्द स्वतः वापरलाच पाहिजे असे नाही. आजोबांच्या तोंडी 'रिझ' ऐकून मुलांना खरोखरच क्रिंज होईल! तो समजला, एवढे पुरे. आणि नातवाचा संदेश आला, "जे वन झालं का?", तर आता त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. अंगठ्याचे चित्र न पाठवता काय जेवलात ते लिहावे, आणि त्यालाही तोच प्रश्न विचारावा.